लाकूड, अळमी आणि रसायनातील मध्यस्थ

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शास्त्राचा एखादा विषय, परंतु घरच्या माणसांना समजेल असा, लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. विषयासाठी फार दूर जावे लागले नाही. धारगळच्या परिसरात पावसाळा स्थिरावला की दोन गोष्टी हमखास घडतात. जुन्या घरांच्या वाशांना व तुळयांना ओल धरून लाकूड कुजू लागते, ही पहिली. आणि रानात, सड्यावर, काजूच्या भाटात वारुळांवर अळमी उगवते, ही दुसरी. पहिलीने घरधन्याच्या कपाळाला आठी पडते, दुसरीने घरात आनंद होतो. परंतु या दोहोंच्या मुळाशी रसायनाची एकच क्रिया आहे. ती क्रिया व तिच्यात राबणारे काही अगदी लहान पदार्थ यांची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा विचार आहे.

लाकूड म्हणजे काय?

लाकडात मुख्यतः तीन द्रव्ये असतात. पहिले सेल्युलोज, हे लांब धाग्यांसारखे असून लाकडाला ताण सोसण्याचे बळ देते. दुसरे हेमिसेल्युलोज, ते या धाग्यांभोवती लपेटलेले असते. तिसरे लिग्निन; हे सर्वांना चिकटवून धरणारे, कठीण व पाण्याला दाद न देणारे द्रव्य होय. घर बांधताना चिरे रचून मधल्या सांध्यांत चुना भरावा, तद्वत लाकडाच्या पेशींच्या भिंतींत लिग्निन भरलेले असते. साधारणतः लाकडाच्या वजनाचा पाचवा ते तिसरा हिस्सा लिग्निनचा असतो.

सेल्युलोज हे साखरेच्या कणांची एकसारखी माळ आहे. माळेचा एक दुवा तोडता आला की बाकीचे दुवेही त्याच रीतीने तुटतात. लिग्निनचे तसे नाही. त्याचे तुकडे निरनिराळ्या प्रकारांनी, वेड्यावाकड्या रीतीने एकमेकांत गुंतलेले असतात. एका किल्लीने उघडावे असे हे कुलूप नव्हे. यास्तव बहुतेक जीवजंतू लिग्निनपुढे हात टेकतात. त्याला जाळल्याप्रमाणे, म्हणजे ऑक्सिडीकरणाने, तोडावे लागते. आणि हे काम निसर्गात प्रामुख्याने बुरशीवर्गातील काही जाती करतात.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपल्या सुतासारख्या तंतूंतून पाचक रस बाहेर सोडते व अन्न बाहेरच विरघळवून मग शोषून घेते. या रसात जी कामकरी द्रव्ये असतात त्यांना एन्झाइम म्हणतात. मराठीत विकर असाही शब्द आहे. एन्झाइम स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया जलद घडवून आणते. स्वयंपाकघरातील उदाहरण घ्या. वांगे किंवा केळफूल चिरून ठेवले तर थोड्या वेळात काळे पडते. भाजीतील एक तांबेयुक्त एन्झाइम हवेतील ऑक्सिजन घेऊन तिच्यातील द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते, हे त्याचे कारण. गृहिणी चिरलेले वांगे पाण्यात व केळफूल ताकात टाकते ती याच क्रियेला आळा घालण्यासाठी.

लॅकेस आणि काजूचे भाऊबंद

लाकडावर काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक फार जुने व प्रसिद्ध एन्झाइम म्हणजे लॅकेस. १८८३ साली जपानमधील योशिदा या रसायनशास्त्रज्ञाने लाखेसारखा चकचकीत लेप देणाऱ्या एका झाडाच्या चिकात ते प्रथम पाहिले. पुढे फ्रान्सच्या गाब्रिएल बेर्त्रां यांनी त्याचा अभ्यास करून त्याला हे नाव दिले. आणि १८९६ साली तेच एन्झाइम बुरशीतही असल्याचे आढळले. गंमत अशी की, ते जपानी झाड आपल्या काजूच्या, आंब्याच्या व बिब्ब्याच्याच कुळातले आहे. काजूच्या बोंडूखालच्या कच्च्या बियेचे तेल अंगाला लागले तर कातडी भाजते, तशीच त्या झाडाच्या चिकानेही भाजते. हे केवळ योगायोगाने नव्हे, तर दोन्हींतील द्रव्ये एकाच जातकुळीची असल्यामुळे.

लॅकेसच्या एका रेणूत तांब्याचे चार अणू असतात. ते समोरच्या पदार्थाकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेते व शेवटी ते इलेक्ट्रॉन हवेतील ऑक्सिजनला देऊन त्याचे पाणी बनवते. धूर नाही, राख नाही, मागे राहते केवळ पाणी. असे निर्मळ काम करणारा कारागीर विरळाच.

परंतु या कारागिरापुढे दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण आकाराची. लॅकेस हे प्रथिन आहे व प्रथिनाच्या मानानेही त्याचा रेणू चांगला मोठा असतो. न कुजलेल्या लाकडाच्या पेशीभिंतीतील छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की त्यांतून हा रेणू आत शिरूच शकत नाही. कारागीर बाहेर उभा, काम आत, आणि दरवाजा त्याच्या अंगापेक्षा लहान, अशी ही स्थिती.

दुसरी अडचण बळाची. लिग्निनचे काही भाग सहज इलेक्ट्रॉन देतात; त्यांना फिनॉलयुक्त भाग म्हणतात. परंतु असे भाग सामान्यतः एक-पंचमांशाहूनही कमी असतात. बाकीचा मोठा भाग इलेक्ट्रॉन घट्ट धरून बसतो. लॅकेसची ओढ जास्तीत जास्त सुमारे ०.८ व्होल्ट इतकी; आणि त्या हट्टी भागांसाठी तर १.३ व्होल्टच्याही पुढची ओढ लागते. लहान रहाटाने खोल विहिरीचे पाणी यावे कसे?

मग निसर्गात लाकूड कुजते ते कसे? येथेच मध्यस्थाचा प्रवेश होतो.

मध्यस्थ म्हणजे कोण?

मध्यस्थ हा लहानसा रेणू असतो. तो लॅकेसजवळ येतो, आपला एक इलेक्ट्रॉन देतो व त्यायोगे फार चंचल, मुक्त मूलक नावाच्या अवस्थेत जातो. लहान असल्यामुळे तो लाकडाच्या छिद्रांतून आत शिरतो. आत लिग्निनचा हट्टी भाग भेटला की तो निराळ्या मार्गाने, पुष्कळदा हायड्रोजनचा अणूच हिरावून घेऊन, त्याचे बंध तोडतो. या व्यवहारात मध्यस्थ पुन्हा मूळ स्थितीला येतो व नव्या फेरीस मोकळा होतो. वाड्याच्या दिंडीतून मोठी पेटी आत जात नाही. मग घरातील मुलगा आतबाहेर धावून एकेक वस्तू पोहोचवतो, तसेच हे.

या गोष्टीचा पहिला ठळक पुरावा १९९० साली मिळाला. कॅनडातील कागद-संशोधन संस्थेत काम करणारे बूर्बोने व पेस यांनी लॅकेसच्या जोडीला प्रयोगशाळेत तयार केलेला एक लहान रेणू घातला. तेव्हा एरवी लॅकेसला न जुमानणारे पदार्थही ऑक्सिडीकृत होऊ लागले. परंतु तो रेणू कृत्रिम होता. रानातील बुरशीला तो कोण आणून देणार? तेव्हा बुरशीचा स्वतःचा मध्यस्थ कोणता, याचा शोध सुरू झाला.

मेलेल्या ओंडक्यांवर शेंदरी-तांबड्या रंगाची, कातड्यासारखी चिवट, पंख्याच्या आकाराची बुरशी वाढते. तिच्या वंशाला पिक्नोपोरस म्हणतात. उष्ण प्रदेशात, आपल्या देशातही, तिची एक जात सर्रास आढळते. १९९६ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात एगर्ट, एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनी दाखवले की, या वंशातील एक जात हायड्रॉक्सिअँथ्रानिलिक आम्ल नावाचा लहान रेणू बाहेर सोडते व तो लॅकेससाठी मध्यस्थाचे काम करू शकतो. याच आम्लाचे दोन रेणू लॅकेसमुळे जोडले जाऊन शेंदरी रंग तयार होतो. म्हणजे बुरशीचा तो सुंदर रंग तिच्या कारखान्यातील क्रियेचीच निशाणी आहे. नवल असे की, हेच आम्ल मनुष्याच्या शरीरातही अन्नातील एका घटकापासून तयार होते.

येथे शास्त्राची एक रीत विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावी. पुढे २००१ साली त्याच प्रयोगशाळेने ते आम्ल न बनवणारे बुरशीचे वाण तपासले, तेव्हा तेही लिग्निन तोडतात असे आढळले. तात्पर्य, तो रेणू काम करू शकतो हे खरे. परंतु त्याच्यावाचून बुरशीचे अडते असे नाही. आपणच मांडलेले मत आपणच पुन्हा घासून पाहणे, हेच शास्त्राचे खरे शील होय.

बुरशीजवळ अन्य मध्यस्थही आहेत. १९८३ साली फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या बुरशीत लिग्निन पेरॉक्सिडेज हे जबर बळाचे एन्झाइम सापडले. तिला साह्य करणारा व्हेराट्रिल अल्कोहोल हा रेणू ती बुरशी स्वतःच बनवते. त्याच बुरशीतील दुसरे एक एन्झाइम मँगनीजचा अणू ऑक्सिडीकृत करते. हा अणू एकटा फार काळ टिकत नाही. मग बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते व ते त्याला धरून लाकडात घेऊन जाते. अळूच्या पानांतही हेच आम्ल असते व त्याच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे अळूने घशाला खाज सुटते, हे सर्वांस ठाऊक आहे.

लोखंडाचा मार्ग

वरील प्रकारच्या बुरशीने लिग्निन निघून गेले की मागे फिकट, तंतुमय, ओल्या सुतासारखे लाकूड राहते. याला पांढरी कुज म्हणतात. दुसरा प्रकार तपकिरी कुजीचा. तिच्यात लाकूड काळपट-तपकिरी होते, आडवे-उभे तडकून त्याचे चौकोनी तुकडे पडतात व बोटाने चुरले तर भुकटी होते. तपकिरी कुजीची बुरशी लिग्निन बहुतांशी तसेच ठेवते व आतील सेल्युलोज पळवते. हे काम ती लोखंडाच्या साह्याने करते.

१८९४ साली फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लोखंडाचे क्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आणून टार्टरिक आम्लाचे, म्हणजे आपल्या चिंचेत असणाऱ्या आम्लाचे, ऑक्सिडीकरण केले. या संयोगात हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत दाहक मूलक जन्मते. त्याच्यापुढे कोणताही सेंद्रिय पदार्थ टिकत नाही. मात्र त्यासाठी लोखंड विशिष्ट अवस्थेत, फेरस अवस्थेत, असावे लागते. गंजलेले लोखंड उपयोगी नाही. १९९९ साली असे दिसून आले की, तपकिरी कुज करणारी एक बुरशी हायड्रोक्विनोन जातीचा लहान रेणू बाहेर सोडते. तो लोखंडाला पुन्हा फेरस अवस्थेत आणतो व स्वतः क्विनोन बनतो; बुरशी त्या क्विनोनला पुनश्च हायड्रोक्विनोन करून कामाला जुंपते. अशा रीतीने ही आग बुरशीच्या तंतूपासून दूर, लाकडाच्या पोटात पेटते. आणि पेटवणारी स्वतः होरपळत नाही.

आमच्या वारुळातील कारखाना

आता अळमीकडे वळू. आपल्याकडे वारुळाला रोयण म्हणतात व सातेरीच्या रूपाने त्याची पूजा करण्याची परंपरा पेडणे व डिचोलीच्या गावागावांतून आहे. याच रोयणीवर उगवणारी अळमी पावसात पानांत बांधून रस्त्याच्या कडेला विकावयास येते. तिच्या वंशाला टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव फ्रान्सच्या रोजे एम यांनी १९४२ साली दिले.

वाळवी लाकूड खाते असे आपण म्हणतो. परंतु रोयणीतल्या वाळवीची खरी गोष्ट शेतकऱ्याची आहे. कामकरी वाळवी पालापाचोळा व लाकडाचे कण गिळून आणतात आणि त्यात बुरशीचे बीजाणू मिसळून वारुळाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी भुसभुशीत रचना करतात. त्या पोळ्यावर बुरशी वाढते व कठीण काष्ठद्रव्य मऊ करते. मग वाळवी ते जुने पोळे व बुरशीचे पांढरे दाणे खाऊन जगतात. वारुळातील ऊब व दमटपणा त्या जपतात. पाऊस पडला की याच पोळ्यातून लांब मुळासारखा दांडा मातीतून वर येतो व त्याच्या टोकाला छत्री उमलते. ती आपली अळमी. म्हणजे आपण जे खातो ते जमिनीखालच्या मोठ्या शेताचे केवळ फूल होय.

या बुरशीजवळ लाकूड मऊ करण्याचे साधन कोणते? २०२१ साली जर्मनी व डेन्मार्कमधील संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतील वाळवीच्या पोळ्यांवरील टर्मिटोमायसिस बारकाईने तपासली. तिच्याजवळ लॅकेसादि एन्झाइमे आहेतच. शिवाय ती हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते, आणि मिथॉक्सिहायड्रोक्विनोन नावाचा लहान रेणू बनवून त्याच्याकरवी लोखंड फेरस अवस्थेत आणते, असे त्यांना आढळले. एन्झाइमांच्या जोडीला फेंटनचा दाह आणि त्या दाहाला चालू ठेवणारा लहान मध्यस्थ, असा हा दुहेरी कारखाना आहे. आफ्रिकेतील ती बुरशी आपल्या अळमीची चुलत बहीणच. ज्या लोखंडाच्या खनिजासाठी डिचोलीचे नाव जगाला ठाऊक झाले, त्याच धातूचे सूक्ष्म कण पानाफांद्यांतही असतात व त्यांवर असा कारखाना चालू शकतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

गोव्यातील संशोधन व उद्योग

हा विषय केवळ ज्ञानाचा नाही. कागदाचा लगदा पांढरा करणे, कापडाच्या कारखान्यांतील रंगीत सांडपाणी स्वच्छ करणे, निळ्या जीन्सचा रंग उडवणे, अशा कामांत लॅकेस व मध्यस्थ यांची जोडी योजली जाते. कृत्रिम मध्यस्थ महाग पडतात व त्यांतील काही विषारीही असतात. म्हणून बुरशी व वनस्पती यांनी स्वतः बनवलेल्या मध्यस्थांचा शोध जगभर चालू आहे.

गोव्याचेही या कामी नाव आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार यांनी समुद्रकाठच्या बुरशीचा अभ्यास केला. पश्चिम किनाऱ्याबाहेरील प्रवाळी सरोवरातील कुजक्या समुद्री गवतावर त्यांना सापडलेली फ्लावोडॉन फ्लावस ही बुरशी लिग्निन तोडणारी तिन्ही प्रमुख एन्झाइमे बनवते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. पुढे गोव्यातील खारफुटीच्या कुजक्या लाकडावरील एका बुरशीचे लॅकेस रंगीत सांडपाण्यावर गुणकारी असल्याचे त्यांच्या गटाने २००६ साली दाखवले. आपण ज्या खाजणाला चिखल म्हणून नाक मुरडतो, तेथेही असे धन आहे.

आपण काय करावे?

या ज्ञानाचा घरी व रानात उपयोग काय, ते थोडक्यात सांगतो.

घर असो, मशीद असो, देऊळ असो वा चर्च असो, छपराचे लाकूड कुजवणाऱ्या सर्व मध्यस्थांना एक गोष्ट अवश्य लागते, ती म्हणजे पाणी. हे लहान रेणू पाण्यातूनच प्रवास करतात. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून कमी ठेवला तर कुज लागत नाही. म्हणून मृगापूर्वी फुटकी कौले बदलावी; तुळईचे टोक भिंतीत बंद न करता त्यास हवा लागू द्यावी; खांब मातीत न रोवता चिऱ्याच्या बैठकीवर उभा करावा. फणस, किंदळ, माटी यांपैकी कोणतेही लाकूड असो, त्याचा बाहेरचा फिकट भाग आधी कुजतो, आतील गाभा अधिक टिकतो. तेव्हा गाभ्याचेच लाकूड घ्यावे. लाकडाची पांढरी कुज व तपकिरी कुज यांची खूण वर दिली आहे. तपकिरी कुजीत वरून लाकूड शाबूत दिसले तरी बळ फार लवकर जाते. अशा तुळईवर विसंबून राहू नये. घरात वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वेळीच बंदोबस्त करावा.

परंतु घरातील वाळवीचा राग रानातील रोयणीवर काढू नये. अलीकडे आपल्या भागात रस्ते झाले, २०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाला, जमिनीला भाव आला. जमीन सपाट करताना यंत्राच्या एका फटक्यात रोयण नाहीशी होते. तिच्यासोबत पोळे जाते व अळमीही जाते. कारण वाळवीवाचून ही अळमी रानात वाढत नाही. काष्ठाची पुन्हा माती करणारा तो कारखाना गेला, की पालापाचोळा कुजून झाडांना परत मिळावयाचे सत्त्वही त्या मानाने कमी होते. ज्यांच्या भाटात रोयण आहे त्यांनी ती राखावी. अळमी काढताना पोळ्यापर्यंत खणू नये. पूर्ण उमललेल्या काही छत्र्या जागीच सोडाव्या, म्हणजे त्यांचे बीजाणू नव्या वारुळांस मिळतात. पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडाच्या आळ्यात घालावा. आणि एक कळकळीची सूचना: अनोळखी अळमी कधीही खाऊ नये. रुप्याचा चमचा काळा पडतो की नाही, यासारख्या घरगुती परीक्षा खोट्या आहेत. जाणत्या माणसाने ओळखून दिलेलीच अळमी घरात आणावी.

शेवटी न्यासाच्या साह्याने शिकणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द. आफ्रिकेतील वारुळाचे रसायन परदेशच्या प्रयोगशाळांनी उलगडले. आपल्या धारगळच्या सड्यावरील रोयणीचे रसायन आपणच उलगडावे, अशी ईर्षा तुम्ही धरावी. त्यासाठी लागणारी पहिली सामग्री तुमच्या परसात आहे. ती म्हणजे एक कुजका ओंडका, एक भिंग, एक वही आणि रोज पाहण्याची चिकाटी. कुजणे म्हणजे केवळ नाश नव्हे. जे उभे होते ते मातीला परत करण्याचे ते काम आहे आणि त्यातील मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या लहान रेणूंचा आहे. आपल्या न्यासाचे कार्यही पन्नास वर्षे असेच लहान लहान हातांनी चालले आहे. ते पुढेही असेच चालो, हीच आमची प्रार्थना.